डेम्पस्टरचा रस्ता: जाण्याची तयारी व परतण्याचा विचार

प्रवासाचें अर्धें सुख त्याच्या तयारींत असतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. नकाशा पसरावा, मुक्काम मोजावे, कोणती वस्तु घ्यावी व कोणती ठेवावी याचा खल करावा, यांत घरांतील लहानथोर सर्वांनाच गोडी वाटते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर कांहीं वाटा अशा आहेत कीं, तेथें तयारी ही नुसती हौस राहत नाहीं. ती कच्ची राहिली तर तिचें मोल प्रसंगीं प्राणांनीं द्यावें लागतें. कॅनडाच्या वायव्य टोकाकडील डेम्पस्टर महामार्ग ही अशीच एक वाट आहे. तिच्यावरून मोटारसायकलीनें, आपल्याकडच्या जुन्या शब्दांत सांगावयाचें तर फटफटीनें, थेट उत्तर महासागराच्या कांठापर्यंत जाण्याची ओढ अलीकडे अनेक तरुणांना लागली आहे. त्यांत परदेशीं जाऊन राहिलेलीं आपल्या घरांतलीं मुलेंही आहेत. म्हणून या वाटेची हकीकत येथल्या वडीलधाऱ्या मंडळींनाही ठाऊक असणें इष्ट वाटतें.

युकॉन प्रदेशांत, क्लॉन्डाइक व युकॉन या नद्यांच्या संगमावर डॉसन नांवाचें एक लहानसें गांव आहे. १८९६ सालीं जवळच्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें आणि पुढील दोन वर्षांत हजारों माणसें त्या रानांत लोटलीं. त्या धामधुमींत वसलेलें हें गांव. त्याच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर मुख्य रस्त्याला उत्तरेकडे एक फांटा फुटतो, तोच डेम्पस्टर महामार्ग. महामार्ग हें नांव ऐकून कोणी रुंद डांबरी सडक डोळ्यांपुढें आणूं नये. हा बहुतेक सारा खडीमातीचा रस्ता आहे. टूम्बस्टोनच्या काळ्या सुळक्यांजवळून तो ओगिल्व्ही पर्वतांत शिरतो, ईगल प्लेन्सच्या लांबलचक पठारावरून जातो, ४०५ व्या किलोमीटरास उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो, रिचर्ड्सन पर्वतांची रांग पार करून नॉर्थवेस्ट टेरिटरीज या शेजारच्या प्रदेशांत उतरतो, पील व मॅकेंझी या दोन मोठ्या नद्यांच्या पलीकडे जातो आणि ७३६ किलोमीटरांनीं इनुविक या गांवीं पोंचतो. तेथून पुढें समुद्रापर्यंत पूर्वीं केवळ हिंवाळ्यांत, गोठलेल्या पाण्यावरून वाट असे. नोव्हेंबर २०१७ मध्यें सुमारें १४० किलोमीटरांचा नवा रस्ता खुला झाला आणि सागरकांठचें टुक्टोयाक्टुक हें खेडें इनुविकला कायमचें जोडलें गेलें. डॉसनपासून मोजलें तर एका बाजूचा पल्ला नऊशें किलोमीटरांहून अधिक भरतो. आणि येथें एक गोष्ट प्रथमच ध्यानांत धरली पाहिजे कीं, परतावयास दुसरी वाट नाहीं. जो रस्ता नेतो तोच आणतो.

हा रस्ता बांधण्याची रीतही मोठी विलक्षण आहे. या भागांतील जमीन खोलवर बारमहा गोठलेली असते. उन्हाळ्यांत वरचा पातळसा थर तेवढा वितळतो. आपल्याकडे रस्ता करावयाचा म्हणजे माती खणून पक्का थर लागेपर्यंत खालीं जावयाचें. तेथें याच्या अगदीं उलट. वरचें शेवाळ व गवत खरवडलें कीं, खालच्या बर्फाचें पांघरूण गेलें. मग तें वितळतें आणि जमीन खचूं लागते. म्हणून जमिनीला धक्का न लावतां तिच्यावर चार ते आठ फूट जाडीचा खडीचा भराव घालून त्यावर हा रस्ता उभारला आहे. भराव रस्त्याला आधार देतो, त्याहून अधिक तो खालची थंडी जतन करतो. १९५९ सालीं सुरू झालेलें हें काम मध्यंतरीं थांबत, पुन्हा चालत, १८ ऑगस्ट १९७९ रोजीं पुरें झालें. इनुविकच्या पुढील नव्या रस्त्याचा भराव तर जमीन दुखावूं नये म्हणून भर हिंवाळ्यांतच टाकण्यांत आला. अलीकडे उत्तरेकडील हवा उष्ण होत चालली असल्यामुळें ही गोठलेली भूमि कित्येक ठिकाणीं सैल होऊं लागली आहे. रस्ता एके जागीं दबतो, दुसरीकडे त्याची कड ढांसळते. गेल्या वर्षीच्या प्रवाशाचें वर्णन यंदाच्या प्रवाशाला जसेंच्या तसें उपयोगी पडेल असें नाहीं.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त कॅलगरीस राहतो. त्यानें या प्रवासाचा बेत केला आणि त्याचा आराखडा आम्हां सर्वांना वाचावयास पाठविला. आराखडा मोठा नीटनेटका होता. गाडीच्या सुट्या भागांची यादी, हत्यारें, कपडे, तंबू, प्रत्येक दिवसाचें अंतर, सारें कांहीं त्यांत होतें. डॉसनहून समुद्र व समुद्राहून डॉसन, यासाठीं त्यानें सहा दिवस धरले होते. घरांतील तरुण मंडळी तर वाचूनच हरखून गेली. वहिनींनीं मात्र तीं पानें दोनदां वाचलीं आणि मला विचारलें, "भावजी, सगळं लिहिलंय त्यानं, पण कुठून मागं फिरायचं तें कुठं लिहिलंय?"

आईची काळजी म्हणून हा प्रश्न हंसून सोडून देतां आला असता. परंतु ज्या माणसाचें नांव या रस्त्याला दिलें आहे, त्याची कथा याच प्रश्नापाशीं येऊन ठेपते. ती पुतण्याला सांगावी असें मीं ठरविलें, आणि वाचकांपुढेंही मांडावीशी वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या रानांत रस्ता नव्हता. फोर्ट मॅकफर्सन हें पील नदीवरील ठाणें आणि डॉसन यांच्यामध्यें सुमारें पावणेपांचशें मैलांची वाट होती. रॉयल नॉर्थवेस्ट माउंटेड पोलीस या दलाची एक तुकडी हिंवाळ्यांत टपाल व सरकारी कागद घेऊन, कुत्र्यांनीं ओढावयाच्या घसरगाड्यांसह ही वाट चाले. २१ डिसेंबर १९१० रोजीं इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड, किनी व टेलर हे दोन शिपाई आणि पूर्वीं दलांत असलेला कार्टर असे चौघेजण तीन गाड्या व पंधरा कुत्रे घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. फिट्झजेराल्ड हा नवखा नव्हता. उत्तरेकडील बर्फांत त्याचीं अनेक वर्षें गेलीं होतीं. १९११ सालीं लंडनमध्यें पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण-समारंभ व्हावयाचा होता व त्यासाठीं दलातर्फे त्याची निवड झाली होती. त्याला लवकर पोंचावयाचें होतें. ओझें कमी तर चाल जलद, या हिशेबानें त्यानें नेहमींपेक्षां कमी शिधा बरोबर घेतला. वाटाड्या म्हणून कार्टर होता. पण तो या वाटेनें एकदांच, तेंही कांहीं वर्षांपूर्वीं व उलट्या दिशेनें गेलेला होता.

वाटेंत त्यांना ग्विचिन लोकांचा तळ लागला. हे लोक त्या भूमीचे मूळचे रहिवासी. तेथील ओढा न् ओढा त्यांच्या पायांखालचा. त्यांच्यांतील ईसाव जॉर्ज नांवाचा एकजण कांहीं दिवस गस्तीबरोबर चालला. १ जानेवारी १९११ रोजीं त्याचे पैसे चुकते करून त्याला निरोप देण्यांत आला. पुढची वाट कार्टरला ठाऊक आहे, असा भरंवसा होता.

पुढें फॉरेस्ट क्रीक नांवाचा एक ओढा धरून वळावयाचें होतें. तो ओढा कार्टरला सांपडेना. एक नाला पाहावा, परतावें, दुसरा पाहावा, असे कित्येक दिवस गेले. थंडी कडाक्याची, शिधा दिवसेंदिवस उणा. अखेर १८ जानेवारीला ते मागें फिरले, तेव्हां त्यांच्याजवळ थोडेंसें पीठ व थोडें खारवलेलें मांस एवढेंच शिल्लक होतें. परतीच्या वाटेवर त्यांनीं एकामागून एक आपले कुत्रे मारून खाल्ले. हातपाय थंडीनें फुटले. फिट्झजेराल्डच्या दैनंदिनींतील शेवटची नोंद ५ फेब्रुवारीची आहे. डॉसनला वाट पाहून लोक चिंतेंत पडले आणि २८ फेब्रुवारीस कॉर्पोरल डेम्पस्टर शोधाला निघाला. त्याच्याबरोबर चार्ल्स स्ट्यूअर्ट नांवाचा एक ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या २१ व २२ तारखांना त्यांना चौघांचे देह सांपडले. शेवटचे दोघे तर फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या पंचवीस मैलांवर होते. चौघांनाही फोर्ट मॅकफर्सन येथेंच पुरण्यांत आलें. त्यानंतर त्या वाटेवर निवाऱ्याच्या झोंपड्या उभारण्यांत आल्या, शिध्याचे सांठे ठेवण्यांत आले व वाटेच्या खुणा करण्यांत आल्या. पुढें अर्धशतकानें त्याच दिशेनें रस्ता निघाला, तेव्हां त्याला नांव मिळालें तें शोधावयास गेलेल्या डेम्पस्टरचें.

हे चौघे अडाणी नव्हते, कीं भित्रेही नव्हते. त्यांचें धैर्य असामान्यच होतें. उणीव होती ती विचाराची, आणि ती निघण्यापूर्वींच राहून गेली होती. लवकर पोंचण्यासाठीं त्यांनीं शिध्यांत कपात केली; जाणता माणूस हाताशीं असतां त्याला परत पाठविलें; आणि किती दिवस शोधावें व केव्हां फिरावें, याची मर्यादा आधीं घातली नाहीं. आजच्या मोटारसायकलवाल्याजवळ कुत्रे नाहींत, यंत्र आहे. उणें पन्नास अंशांची थंडी नाहीं, उन्हाळा आहे. तरी त्याच्यापुढें येणारे मोह तेच आहेत. पुतण्याचा आराखडा या दृष्टीनें पुन्हा वाचूं लागलों, तेव्हां हें स्पष्ट दिसूं लागलें.

पहिली गोष्ट पेट्रोलाची. डॉसनला टाकी भरली म्हणजे पुढचा हिशेब ईगल प्लेन्सचा करावा. तें ठिकाण फांट्यापासून ३६९ व्या किलोमीटरास आहे. डॉसनपासूनचे ४० मिळवले म्हणजे ४०९ झाले. वाटेंत फांट्यावर पेट्रोल मिळालें तर उत्तमच, पण हिशेब त्यावर बसवूं नये. तेथून पुढें फोर्ट मॅकफर्सन १८१ किलोमीटर. गाडी लिटरला २० किलोमीटर जाते असें धरलें, तर पहिल्या टप्प्याला साडेवीस लिटर लागतील. परंतु समोरून वारा असला, चिखल लागला, खालच्या गियरवर चालावें लागलें, तर खप वाढतो. शिवाय कांहीं अडचणीमुळें अर्ध्या वाटेवरून परतावें लागलें तर तेंही पेट्रोल जवळ हवें. म्हणून चौथा हिस्सा अधिक धरावा, म्हणजे सुमारें साडेपंचवीस लिटर. टाकी १८ लिटरांची असेल तर उरलेलें आठ लिटर डब्यांतून नेणें भाग आहे. पुतण्यानें पांच लिटरांचा एकच डबा लिहिला होता. कारण दिलें होतें कीं, ओझें वाढलें म्हणजे खडीवर गाडी डोलते.

या म्हणण्यांत तथ्य आहे, हें मान्य केलें पाहिजे. गाडीचेंच वजन दोनशें किलोंच्या वर. तिच्यावर सामानाचे गठ्ठे लादले आणि ती सैल खडीवर आडवी झाली, तर एकट्यानें उचलतां येत नाहीं. तेव्हां ओझें कमी करावें, हें खरें. प्रश्न काय कमी करावयाचें हा आहे. छायाचित्रें घेण्याचीं दोन जास्तीचीं यंत्रें, बसावयाची घडीची खुर्ची, चार जोड कपडे हें सारें काढून ठेवतां येईल. पेट्रोल, टायर दुरुस्त करण्याचें सामान, गरम कपडे, दोन दिवसांचें जादा अन्न यांना हात लावतां येणार नाहीं. वेगासाठीं फिट्झजेराल्डनें जें उणें केलें, तेंच नेमकें आपण उणें करूं नये.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या पृष्ठभागाची. या खडींत पाटीच्या दगडासारखे धारदार कपचे असतात. ते टायर कापतात. टायर भोंकरल्यास बुजविण्याचें सामान, हवा भरण्याचा पंप, चाक काढण्याचीं पहार-पट्ट्यांसारखीं हत्यारें जवळ हवींतच. पण तीं असून भागत नाहीं. घरच्या अंगणांत चाक काढून, टायर उतरवून पुन्हा बसविण्याचा सराव दोन-तीनदां झाला पाहिजे. पावसांत, डांसांच्या थव्यांत, गारठलेल्या बोटांनीं तेंच काम करावयाचें आहे. धूळ बसावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड नांवाचें क्षार टाकतात. कोरड्यांत त्याचा लाभ होतो. पाऊस पडला कीं, तोच रस्ता साबण लावल्यासारखा निसरडा होतो व चिखल रेडिएटरवर सिमेंटसारखा चिकटून बसतो. अशा वेळीं शहाणा प्रवासी पुढें जाण्याचा हट्ट धरीत नाहीं. समोरून अवजड मालमोटार येतांना दिसली तर वेग कमी करून कडेला होतो, कारण तिच्या चाकांखालून उडणारे दगड बंदुकीच्या छऱ्यांसारखे येतात.

अन्नाच्या बाबतींत मात्र आपल्या मराठी स्वयंपाकघराचा चांगला उपयोग होतो. सुके पोहे, भाजलेलें पीठ, मेतकूट, दाण्याचा कूट, गुळाची ढेप हे पदार्थ हलके, टिकाऊ व थोड्या पाण्यांत तयार होणारे आहेत. वहिनींनीं ही यादी मोठ्या उत्साहानें केली. परंतु त्या रानांत तपकिरी व काळीं अशीं दोन्ही जातींचीं अस्वलें आहेत, व त्यांचें नाक फार तीक्ष्ण. म्हणून अन्नच काय, पण दंतमंजन व साबणही तंबूंत ठेवूं नये. तळावर त्यासाठीं पोलादी पेट्या असतील तर त्यांत, नसतील तर तंबूपासून दूर, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, असा तेथील नियम आहे. अस्वलावर फवारण्याचा मिरचीचा तिखट फवारा कमरेला असावा. सामानाच्या तळाशीं असून त्याचा उपयोग नाहीं.

तिसरी गोष्ट दिवसांची. पील व मॅकेंझी या नद्यांवर पूल नाहींत. उन्हाळ्यांत तर चालते, हिंवाळ्यांत गोठलेल्या पात्रावरून वाट होते, आणि बर्फ फुटतांना व जमतांना कित्येक आठवडे दोहोंपैकीं एकही नसतें. भर उन्हाळ्यांतही पाणी चढलें किंवा ओंडके वाहून येऊं लागले म्हणजे तर थांबते. अतिवृष्टीनें रस्ताही बंद ठेवतात. अशा ठिकाणीं सहा दिवसांचा काटेकोर बेत म्हणजे निसर्गाला वेळापत्रक पाठविण्यासारखेंच आहे. मीं दहा दिवस सुचविले. त्यांतील चार दिवस कांहीं न करतां बसून राहण्यासाठीं. ते उपयोगांत आले नाहींत तर इनुविकला विश्रांति घ्यावी.

आणखी एक धोका असा आहे कीं, तो धोका म्हणून चटकन ओळखूं येत नाहीं. इनुविकला उन्हाळ्यांत जवळजवळ आठ आठवडे सूर्य मावळतच नाहीं. मध्यरात्रींही ऊन असतें. आपल्या शरीराला थांबण्याची सूचना अंधार देतो. तो अंधारच नाहीं म्हटल्यावर तरुण मनुष्य आणखी पन्नास, आणखी शंभर असें करीत चालत राहतो, आणि थकवा हातांना आधीं समजतो, डोक्याला नंतर. म्हणून घड्याळाचा नेम हवा. ठरलेले तास झाले कीं, ऊन असो वा नसो, उतरावें.

आतां माणसांविषयीं. या रानाला निर्जन म्हणण्याचा प्रघात आहे. तो तितकासा बरोबर नाहीं. फोर्ट मॅकफर्सनच्या परिसरांत ग्विचिन व समुद्राकडे इनुवियालुइट हे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. आजचा रस्ता कित्येक ठिकाणीं त्यांच्या जुन्या शिकारीच्या व व्यापाराच्या वाटांजवळूनच जातो. इनुवियालुइट लोकांचा कॅनडा सरकारशीं भूमिहक्काचा करार १९८४ सालीं झाला, ग्विचिन लोकांचा १९९२ सालीं. पॉर्क्युपाइन नांवाचा कॅरिबूंचा प्रचंड कळप हा ग्विचिन लोकांच्या जीवनाचा आधार; २०१७ च्या गणनेंत त्यांत दोन लक्षांहून अधिक जनावरें भरलीं. असा कळप रस्ता ओलांडूं लागला तर गाडी बंद करून, तो पार होईपर्यंत स्वस्थ उभें राहावें. प्रवाशानें आपण मोकळ्या रानांत आलों आहोंत असें न समजतां कोणाच्या तरी अंगणांतून चाललों आहोंत असें समजावें, म्हणजे त्याचें वर्तन आपोआप नीट राहतें.

आणि यांतूनच सर्वांत मोलाची मदत मिळते. नदीवरील तरवाले, मालमोटारींचे चालक, ईगल प्लेन्सला पेट्रोल भरणारा माणूस, फोर्ट मॅकफर्सनच्या दुकानांतील बाई, यांना पुढच्या पन्नास मैलांचें जें ज्ञान असतें, तें कोणत्याही नकाशांत नसतें. दोन्ही प्रदेशांचीं सरकारें रस्त्याची स्थिति वेळोवेळीं जाहीर करतात. ती पाहावी, पण प्रत्येक थांब्यावर माणसाला विचारल्याशिवाय पुढें पाऊल टाकूं नये. उपग्रहाद्वारें संदेश धाडणारें लहानसें यंत्र पुतण्यानें घेतलें आहे, तेंही योग्यच; वस्त्या सोडल्या तर तेथें मोबाइल चालत नाहीं. परंतु यंत्र हाक पोंचवितें, मदत पोंचवीत नाहीं. हाक गेल्यावर माणूस येण्यास कित्येक तास लागतात, आणि तेवढे तास आपल्या जवळच्या सामानावर काढावे लागतात. ईसाव जॉर्जला निरोप देऊन जी चूक घडली, ती आज खिशांतल्या पडद्याकडे पाहून आसपासच्या माणसाकडे पाठ फिरविल्यानें पुन्हा घडूं शकते.

इतकी यातायात करून शेवटीं काय पाहावयाचें, असा प्रश्न सहज मनांत येईल. शेवटीं आहे एक सपाट, झाडें नसलेला किनारा. टुक्टोयाक्टुकच्या आसमंतांत गोठलेल्या जमिनींतून बर्फाच्या दाबानें वर आलेल्या, मातीनें झांकलेल्या टेंकड्या आहेत. त्यांना पिंगो म्हणतात. इब्युक नांवाचा पिंगो १५० फुटांहून अधिक उंच असून कॅनडांत त्याच्याहून उंच पिंगो नाहीं. मध्येंच असंख्य तळीं, आणि पुढें करडा, थंड सागर. हा सागर गांवाचा कांठ सतत कुरतडीत आहे. समुद्रावरचें बर्फ कमी दिवस टिकतें, लाटांना मोकळीक अधिक मिळते, आणि खालची गोठलेली माती सैल होते. त्यामुळें कांहीं घरें उचलून आंत न्यावीं लागलीं आहेत. ज्या गांवापर्यंत रस्ता इतक्या कष्टानें नेला, तें गांवच हळूहळू मागें सरत आहे. जाणारा प्रवासी तेथें उभा राहून पाण्यांत हात बुडवितो. तो हात बुडविण्यापूर्वीं हें त्याला ठाऊक असावें, एवढेंच माझें म्हणणें आहे.

काशीयात्रेला पायीं निघणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोक निरोप देत, तो परतण्याचा भरंवसा नाहीं असें समजून. तो काळ गेला. आज मुलें जातात तीं परत येण्यासाठीं, आणि त्यांना जाऊं देणें हेंच योग्य आहे. तरुण वयांत दूरचें क्षितिज खुणावूं नये, तर कधीं खुणवावें? त्यांचे पाय बांधून ठेवणें हें वडिलांचें काम नव्हे. मात्र परत फिरण्यांत कमीपणा नाहीं, हें त्यांच्या मनावर आधींच बिंबविणें हें वडिलांचें काम आहे. कारण रानांत, भुकेल्या व थकलेल्या अवस्थेंत, बरोबर सोबती असतांना, मागें वळूं या असें प्रथम म्हणण्यास जें धैर्य लागतें, तें पुढें जाण्याच्या धैर्याहून मोठें असतें. तो निर्णय त्या क्षणावर सोंपवूं नये. घरीं, पोट भरलेलें असतांना, शांत चित्तानें घेऊन ठेवावा.

पुतण्याच्या नव्या आराखड्यांत आतां एक पान अधिक आहे. दहा दिवसांपैकीं सहावा दिवस संपेपर्यंत इनुविक मागें पडलें नसेल, तर समुद्र सोडून देऊन परत फिरावें. निम्मा टप्पा होण्यापूर्वीं निम्म्याहून अधिक पेट्रोल संपलें, तर परत फिरावें. जादा टायर-ट्यूब वापरली गेली, तर जवळच्या वस्तींत नवी मिळेपर्यंत पुढें जाऊं नये. दोघां सोबत्यांपैकीं एकाला पुढें जाण्याची भीति वाटली, तर दुसऱ्यानें वाद घालूं नये. तेथील माणसानें थांबा म्हटलें, तर थांबावें. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत ते निघतील. त्या पानाची एक प्रत गाडीच्या टाकीवरील पिशवींत राहील, दुसरी सोबत्याजवळ, आणि तिसरी वहिनींनीं मागून घेतली आहे.